एका गाडीची जागा

फाट्‌कन आवाज झाला आणि स्टिअरिंग उजवीकडे ओढ घेऊ लागलं.

फोतिसने ब्रेकला पाय लावला नाही. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं, गाडी सरळ ठेवली आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय हळूच उचलून ती आपोआप मंदावेपर्यंत श्वास रोखून बसला. लांगादिया गावाच्या उतारावर, दरीच्या कडेला खडीची एवढीशी मोकळी जागा होती. तिथे त्याने गाडी घेतली.

चारी दिवे लुकलुकते ठेवून, पिवळं जाकीट चढवून तो उतरला. बराच मागे चालत जाऊन रस्त्यावर लाल त्रिकोण उभा केला. परत आला तेव्हा त्याला म्हातारी दिसली.

खांबावर बसवलेल्या, छोट्या देवळीसारख्या पत्र्याच्या घुमटीची काच ती डोक्यावरच्या रुमालाच्या टोकाने पुसत होती. आत तेलाचा दिवा होता आणि एका तरुणाचा फोटो. त्याची डावी भुवई मधोमध तुटलेली. शेजारी कठड्यावर फडक्याखाली झाकलेला केक, थर्मास आणि दोन कप.

"ब्रेक दाबला नाहीस ना?" तिने विचारलं.

"नाही, मावशी."

"शहाणा आहेस. माझ्या स्ताथिसनेही नव्हता दाबला. त्याचाही टायर इथेच फुटला. बावीस वर्षांचा होता."

फोतिसने छातीवर क्रूस काढला. अपघाताच्या जागी उभारलेल्या असल्या घुमट्या त्याने ढिगाने पाहिल्या होत्या. पुढचं विचारायचं नसतं, एवढं त्याला कळत होतं.

"गाडी जरा पुढे घेता येईल का रे?" म्हातारी म्हणाली.

"टायरच्या चिंध्या झाल्यात. पुढे लगेच वळण. हलवली तर थेट दरीत जायची."

ती वळणाकडे बघत राहिली. "मग नको. जिवापेक्षा काही मोठं नाही. पण आटप."

फोतिस गावोगाव चष्म्यांच्या फ्रेमा विकत फिरायचा. दुकानदार सोडले तर दिवसचे दिवस त्याच्याशी कोणी चार शब्द बोलत नसे. त्यामुळे जॅक लावता लावता त्याचं तोंड सुरूच राहिलं.

"केक झकास दिसतोय, मावशी!"

"आज त्याचा नामदिन."

पोराचा नामदिन, त्याच्या नावाच्या संताचा सण, आणि तो रस्त्याच्या कडेला, फोटोसोबत! त्याला तिची फार कीव आली, आणि थोडी स्वतःचीही. त्याच्या नामदिनाला तर कोणी साधा पावही भाजत नसे. बोलण्याच्या नादात त्याने एका कपाकडे हात नेला.

"तो राहू दे," ती झटकन म्हणाली.

फोतिस ओशाळला. तो कप कोणाचा, हे आपल्याला कळायला हवं होतं.

"झालं का?" तिने पुन्हा विचारलं.

"एवढी काय घाई? इथे कोण येतंय?"

"ट्रक येतात."

शेवटचा नट गंजला होता. पाना घसरत होता. फोतिस शिव्या हासडत जोर लावत होता, तेवढ्यात वरून निळा ट्रक आला. त्याचा वेग कमी झाला, उजवा दिवा लुकलुकू लागला. म्हातारी ताठ उभी राहिली. डोक्यावरचा रुमाल सारखा केला, फडकं काढून केकची ताटली उचलली.

ट्रकवाल्याने खडीकडे पाहिलं. जॅकवर चढलेल्या गाडीकडे पाहिलं. मागून बसने कर्कश हॉर्न दिला. लुकलुकणारा दिवा विझला आणि ट्रक पुढे सरकला. खिडकीतून एक हात बाहेर आला. ट्रकवाल्याचे केस पिकले होते. डावी भुवई मधोमध तुटलेली होती.

पाना हातात धरून फोतिस नुसता उभा राहिला.

म्हातारीने ताटली खाली ठेवली. दुसऱ्या कपात कॉफी ओतली आणि त्याच्यापुढे धरली. "घे. आता तूच पी."

"मावशी, ही घुमटी..."

"तेव्हा तो वाचला म्हणून बांधली," ती म्हणाली. "आमचा नऊ वर्षं अबोला आहे. आज दोन मिनिटं थांबतो, असा निरोप धाडला होता. इथे जागा एकाच गाडीची आहे रे, बाळा."