सगुणाच्या गोठ्याचं दार

“फटी ठेवू नको, भावजी. वारा आत शिरता नये,” सगुणा म्हणाली.

केरू सुताराने रंधा खाली ठेवला. गोठ्याच्या दाराला फळ्याफळ्यांमध्ये बोटभर फट लागते, हे काय सगुणाला सांगायला हवं? सगळा जन्म गुरांत गेलेली बाई. “वयनी, जनावर घुसमटंल आत.”

“घुसमटू दे. दार तेवढं भक्कम कर. आतून धडका बसल्या तरी हलता नये. आणि कडी बाहेरून.”

जुनं दार माडाच्या बुंध्याशी पडलं होतं. अस्सल फणसाचं, केरूच्या बापाने केलेलं. शिमग्यानंतर सगुणाच्या गायीने ते फोडलं. आधी गाय खायची थांबली, पाण्याला तोंड लावीना, लाळ गाळू लागली. घशात कैरी अडकली असेल म्हणून सगुणाने तिच्या तोंडात कोपरापर्यंत हात घालून चाचपलं. हात लाळेने माखला, मनगट खरचटलं, कैरी काही मिळाली नाही. दुसऱ्या दिवशी गाय दार फोडून अंगणात आली ती थेट सगुणाच्या नातीवर. मनस्वी नुकती धावायला शिकलेली पोर. तिचं आयुष्य बळकट म्हणून वाचली. गाय त्याच संध्याकाळी मेली. आंबा उतरायचे दिवस होते, गुरांच्या डॉक्टरांना बोलवायला सवड कुणाला? खड्डा खणून पुरली आणि माणसं पुन्हा बागेत गेली.

त्यानंतर दुसरी गाय काही आली नव्हती. रिकाम्या गोठ्याला दार कशाला, आणि तेही आजच्या आज? बाई सकाळपासून केरूच्या मानगुटीवर बसली होती.

चौकट बसवायला केरू आत गेला आणि त्याच्या मनात पाल चुकचुकली. जमीन नुकतीच सारवलेली. गव्हाण उचकटून बाहेर टाकलेली. कोपऱ्यात चटई, तिच्यावर घोंगडी. गुराला चटई घालणारी बाई केरूने अजून पाहिली नव्हती.

त्याने घराकडे बघितलं. पडवीत नितेश बसला होता, सगुणाचा एकुलता एक. मुंबईची नोकरी सुटली तसा गणपतीत घरी आला आणि बाटलीला लागला. गावात हे काही झाकलेलं नव्हतं. आज त्याचे डोळे लालभडक झाले होते. केरूने हाक मारली तर त्याने मान फिरवली. सकाळीच टाकली असणार, केरूला वाटलं.

“सून दिसत नाय कुठं?”

“दीपालीला धाडलंय माहेरी, पूर्णगडला. मनूला घेऊन गेली.”

“बरं केलंस.”

“पोरीला काय होता नये, भावजी. बाकी माझं काय नाय.”

केरूचं तोंड कोरडं पडलं. त्याने तांब्या उचलून घटाघटा पाणी प्यायला सुरुवात केली. सगुणा एकदम दचकली, पदराने गळा आवळून धरत तिने पाठ फिरवली. “पलीकडं जाऊन पी,” ती ओरडली. केरूला राग आला. भिकाजी गेल्यापासून या वयनीच्या जिभेला हाड राहिलं नव्हतं. तरी भिकाजी जिवाभावाचा मित्र, त्याच्या बायकोला उलट काय बोलायचं?

“डॉक्टरला दाखवलंव काय?” पडवीकडे डोळा ठेवून त्याने विचारलं.

“काल जाऊन आलो रत्नागिरीला. आता औषध नाय म्हणाले. घ्यायचं तं तेव्हाच घ्यायचं व्हतं. ठेवून घेत व्हते, मीच नको म्हटलं.”

“म्हणून माणसाला गुरासारखं कोंडायचं?”

“माणसाचं गुर झालं, मग?”

केरूला नितेश रांगायचा तेव्हापासून ठाऊक. याच पडवीत तो केरूचा हातोडा पळवायचा. दारू काय, अर्धं गाव पितं. त्यासाठी आईने लेकाला काळोखात डांबायचं? केरूला त्या पोराची इतकी दया आली की डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

सगुणाशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. तिने त्याला सोडून दुसरा सुतार आणला असता. केरूने आपल्यापुरता मार्ग काढला. ऐनाच्या फळ्या जाड, बिजागऱ्या लोखंडी, सगळं तिच्या मनासारखं. फक्त बाहेरची कडी त्याने आखूड स्क्रूवर बसवली. आतून एक नेटाची धडक बसली की कडी उपटून खाली पडली असती. वरून बघणाऱ्याला काही कळणार नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा त्याने जाणूनबुजून खोटं काम केलं आणि त्याला बरं वाटलं.

सगुणाने दार ढकलून पाहिलं, मान हलवली आणि लेकाला हाक मारली.

नितेश उठून आला. जवळ आल्यावर केरूने हुंगलं, दारूचा वास नव्हता. पोरगा रडत होता. केरू दारात आडवा झाला. “वयनी, पोटचा पोर हाय तुझा. मी याला आत जाऊ देणार नाय.”

“त्याला कोण कोंडतंय, भावजी?” सगुणा म्हणाली. ती नितेशकडे वळली. “मी कितीही हाका मारल्या तरी उघडू नको. मनूची शपथ हाय तुला. पिसाळलेल्या गायीनं दार मोडलान, माझ्याच्यानं मोडता नये.” वाऱ्याची झुळूक आली तशी ती नखशिखांत शहारली. पदर तोंडावर ओढून ती वाकून आत गेली आणि चटईवर जाऊन बसली. नितेशने दार लोटलं, कडी घातली आणि तिथेच मटकन खाली बसला.

“बाजूला हो, नितेश,” केरू म्हणाला आणि त्याने पिशवी पालथी करून लांब स्क्रू शोधायला घेतले.