आहात तिथंच थांबा

कंधारच्या हज शिबिरात मुनीरोद्दीन गुरुजी सगळं पुस्तकाबरहुकूम सांगायचे. छत्री सोबत ठेवा, गळ्यातलं कार्ड काढू नका, बायांनी ओढणीला ओळखीचं चिरगूट शिवून घ्या. एकच गोष्ट ते उलटी सांगत. ताटातूट झाली तर आहात तिथंच थांबा, असं पुस्तकात होतं. गुरुजी बजावत, "थांबायचं न्हाई. चालत राहायचं."

यंदा हज करून आलेली फुलवळची हमीदाबी खजूर अन् जमजमचं पाणी घेऊन त्यांच्या घरी आली.

"गुरुजी, मक्केत आमच्या लोकांची अन् माझी चुकामूक झाली. तुमचं बोलणं ध्यानातच राहिलं न्हाई, मी जागेवरच उभी राहिले. शेजारी एक बाई उभी होती. बोलली तर आपल्याच कंधारकडची! ओढणीला चौकटीच्या लुंगीचा तुकडा शिवलेला. मला हसूच आलं."

गुरुजींच्या हातातला खजूर हातातच राहिला. बारा वर्षांमागं आपली लुंगी फाडून तो तुकडा त्यांनीच शिवला होता, गर्दीत बायको लांबून ओळखू यावी म्हणून. त्याच गर्दीत दोघांची ताटातूट झाली, अन् शेवटी साबेराबीला तिथंच माती देऊन ते एकटे परतले होते.

"मग तुमचं बोलणं आठवलं. मी म्हणले, आमचे गुरुजी चालत राहा म्हणतेत, चला माझ्यासंगं. तर न्हाई म्हणली. मालकानं हलू नको म्हणून सांगितलंय म्हणे." हमीदाबी जरा घुटमळली. "अन् मलाच इचारू लागली, तुमच्या गुरुजींनी सांगितलं का, कुठवर थांबायचं असतंय?"