सायक्लोस्टाइलची शाई

“आधी पदर खोचा, काकी. ड्रममध्ये अडकला तर तुम्हीही मागोमाग जाल!” कुसुमलता म्हणाली.

बाईंनी पदराचं टोक कमरेला खोचलं, पण घुंगट हनुवटीपर्यंत तसाच ठेवला. पलीकडच्या टेबलाशी मंडळाचे सेक्रेटरी हस्तीमलभाऊ बसले होते ना! “यांना मशीन शिकव,” एवढंच सांगून त्यांनी पेपरात डोकं घातलं होतं.

जळगावच्या त्या व्यापारी मंडळात तेव्हा सायक्लोस्टाइल होतं, मेणकागदाच्या स्टेन्सिलवरून हँडल फिरवून प्रती काढायचं मशीन. डाळींचे, कापसाचे रोजचे भाव कुसुमलता त्यावर छापायची. मारवाड्याची मुलगी कचेरीत, म्हणून सुरुवातीला लोक डोकावून बघत. पुढे भावाचा कागद उशिरा आला की तीच माणसं कासावीस व्हायची. काय दिवस होते ते! शाईचा वास पार गल्लीच्या तोंडापर्यंत यायचा.

“ताई, तुमनी जागा गई समजा,” लोटन शिपाई चहा ठेवता ठेवता पुटपुटला.

तिला का कळत नव्हतं? संध्याकाळी धुळ्याचे पाहुणे तिला बघायला येणार होते. लग्न ठरलं की नोकरी सुटणार, आणि भाऊंनी आधीच दुसरं माणूस आणून बसवलं! अस्सा राग आला तिला. वाटलं, अर्धवटच शिकवावं, बसू दे मग रडत.

पण मशीनवर तिचा भारी जीव. ते कुणी बिघडवलेलं तिला सोसलं नसतं.

“स्टेन्सिलला सुरकुती नको. शाई बेताची. कागद आधी असे फडफडवून मोकळे करायचे, नाहीतर दोन-दोन ओढले जातात. सुरुवातीला रद्दी कागद घाला. आणि हँडल सावकाश.”

बाई हँडल फिरवू लागल्या. एक कागद तिरका गेला, तसा त्यांनी तो सरळ करायला हात घातला. कुसुमलतेनं झटकन हँडल धरलं.

“अहो, चालत्या मशीनमध्ये हात नाही घालायचा!”

बोटं वाचली. अंगठा तेवढा शाईनं माखला.

“रॉकेलनं पुसा. तरी दोन-चार दिवस काळाच राहील,” आपला अंगठा दाखवत ती म्हणाली.

बाई घुंगटाआड हसल्या. “लग्नानंतर नोकरी सोडणार?”

“सोडावीच लागेल.”

“तुला सोडायचीय?”

“मला कोण विचारतंय, काकी?” म्हणत ती रद्दी कागद गोळा करू लागली.

संध्याकाळी आईनं लिंबू घासघासून पाहिलं, पण अंगठा काही उजळेना. “पदराखाली ठेव हात,” ती कुजबुजली, “आणि कचेरीचं नाव काढू नकोस.”

बैठकीत पुरुष होते. आतल्या खोलीचं दार उघडंच होतं, म्हणून तिथं बसलेल्या मुलाच्या आईनं घुंगट ओढून घेतला होता.

“आमची मुलगी नोकरी सोडणार आहे बरं का,” आई घाईघाईनं म्हणाली.

कुसुमलता पाया पडायला वाकली. मुलाच्या आईनं तिचा लपवलेला हात पदराखालून बाहेर काढला आणि आपल्या हातात घेतला. त्या हाताचाही अंगठा काळा होता.

“मी विचारतेय, बेटी,” घुंगटातून आवाज आला. “आमच्या पेढीवर मशीन येऊन पडलंय. चालवशील?”