सहाशेची तपासणी

जन्मभर लोकांच्या घरांची किंमत ठरवणाऱ्या माणसाने लेकीच्या कॉलेजसाठी स्वतःच्या घरावर कर्ज मागितलं. बँकेने तपासणीचे पाच हजार आधीच कापून घेतले. घराची किंमत चांगली लागावी म्हणून बायकोने नवं स्वयंपाकघर असं लखलखीत केलं, की ओट्यात तोंड दिसावं.

तपासणीला आला तो त्याच्याच हाताखाली तयार झालेला गडी. त्याने बाहेरूनच तीन फोटो काढले आणि स्कूटरला किक मारली.

"अरे, आत तरी ये! स्वयंपाकघर बघितल्याशिवाय किंमत काय लावणार, कपाळ?"

"सर, तुमच्या पाच हजारांतले माझ्या हातात सहाशे पडतात."

"म्हणून काय झालं?"

"सहाशेत उंबरठा ओलांडायचा नाही, हे तुम्हीच शिकवलंत ना?"