न धुतलेला गाऊन

माझा न धुतलेला गाऊन घालून नणंदबाईंनी बाळाला मांडीवर घेतलं. “बाहेर हो! तू दिसलीस तर हा बाटलीला तोंड लावायचा नाही. गाऊनच्या वासावर फसवते लबाडाला!” मी बॅग घेऊन दाराबाहेर थांबले. उपग्रहाला ऊन-थंडीपासून जपणारं चंदेरी पांघरूण कारखान्यात आम्ही बायकांनी हाताने शिवलेलं. शेवटचे टाके माझे, पोट सांभाळत घातलेले. उद्या ते रॉकेटमधून वर जाणार. उड्डाण बघायला निघालेली कारखान्याची बस कोपऱ्यावर उभी होती. आत बाळाने रडून घर डोक्यावर घेतलेलं. “घे रे राजा,” मी दाराला कान लावून पुटपुटले. बसचा हॉर्न वाजला. एकाएकी आत शांत झालं. “घेतली गं! पळ आता!” हेच तर हवं होतं. तरी वाटलं, एकदा रडावं त्याने. तो रडला नाही. माझा कुडता मात्र दुधाने भिजला. बॅग छातीशी धरून मी निघाले.