धुराड्याजवळची ओल

चौथ्या माणसानंही भिंतीला यंत्र टेकवलं, मान हलवली आणि जाहीर केलं, “ओल आहे.”

“ते आमच्या मांजरालाही कळतं,” मेन्ना म्हणाली.

पहिल्यानं छपराच्या पाट्या बदलल्या, दुसऱ्यानं भिंतीत औषध भरलं, तिसऱ्यानं भारीतला रंग फासला. ज्याच्याकडे जे विकायला होतं, तेच नेमकं भिंतीला हवं होतं. धुराड्याच्या डाव्या बाजूचा डाग मात्र होता तिथेच. गंमत म्हणजे धो धो पावसात तो गप्प असे आणि नुसतं धुकं पडलं की घाम फुटल्यासारखा ओला होई. तिकडे तिच्या नवऱ्याचा, एमलिनचा, खोकला थांबत नव्हता. खोली कोरडी करा नाहीतर घर सोडा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

दगडी घरांची नाडी ओळखणारा एकच गवंडी गावात उरला होता, इड्रिस प्रॉसर. पण सासूबाई, ओलवेन, त्याचं नाव काढू देत नसत.

“त्या घरातलं कुणी माझ्या उंबऱ्यात नको.”

“आई, तुमच्या मुलाची छाती महत्त्वाची की पस्तीस वर्षांपूर्वीचं डुक्कर?”

महायुद्धाच्या दिवसांतली, मटण रेशनवर असतानाची गोष्ट. घरी पोसलेलं डुक्कर कापलं तर निम्मं सरकारला द्यावं लागे. प्रॉसरांचं डुक्कर एका रात्रीत नाहीसं झालं आणि इड्रिसच्या बापानं बोट दाखवलं ते मेन्नाच्या सासऱ्यांकडे. मटण कुठेच सापडलं नाही, तरी सासरे तीन महिने तुरुंगात बसून आले. त्यानंतर ते प्रार्थनामंदिरात कायम शेवटच्या बाकावर बसले, मरेपर्यंत. माझा माणूस चोर नव्हता, हे वाक्य मेन्ना लग्न झाल्यापासून ऐकत आली होती.

या वेळी तिनं ऐकलं नाही. सरळ इड्रिसला घेऊन आली. सासूबाई स्वयंपाकघरात भांडी आपटत राहिल्या.

इड्रिसनं यंत्रबिंत्र काढलं नाही. भिंतीवर टिचक्या मारल्या.

“इथे कोनाडा होता. बुजवलाय.”

त्यानं रंग खरवडला. पांढरी भुकटी बोटावर घेऊन जिभेला लावली.

“काय आहे?” मेन्नानं विचारलं.

“मीठ,” तो हळू आवाजात म्हणाला. “दमट हवा असली की मीठ पाणी ओढतं. या कोनाड्यात कधीतरी बरंच मटण खारवून ठेवलं होतं, वहिनी. एखादं अख्खं डुक्कर म्हणा.”

कुठलं डुक्कर, हे मेन्नाला विचारायची गरज नव्हती. आता हा माणूस गावभर सांगणार, आणि सांगायचा हक्कच होता त्याला.

तेवढ्यात सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. “काय सापडलं?”

इड्रिसनं बोट पँटला पुसलं. “पाऊस, ओलवेनकाकू. धुराड्याच्या बुडाशी पाणी अडवणारा शिशाचा पत्रा उचकटलाय. पत्रा बसवतो, हा गिलावा काढून चुन्याचा करतो. एमलिनला बरं वाटेल.”

तो गेला. मेन्नाला रडू आवरेना. शरम वाटत होती, आणि त्याच्याबद्दल मायाही.

“आई, किती सज्जन माणूस आहे हो तो! आता तरी बोला त्याच्याशी.”

सासूबाई भिंतीजवळ गेल्या. खरवडलेल्या जागेवरून त्यांनी हात फिरवला.

“पाऊस म्हणे! खोटं बोलण्यात अगदी बापावर गेलाय,” त्या म्हणाल्या. “डुक्कर तुमच्याकडे लपवू, चोरी झाली असं सांगू म्हणजे सरकारला काही द्यायला नको, ही अक्कल त्या बापाचीच. पोलीस आले तेव्हा चोराचं नाव सांगावं लागलं, तर यांचं सांगून मोकळा झाला. आणि हे गप्प बसले, शेजारधर्म म्हणून. अगं, इथे उकिडवं बसून त्या डुकराला मीठ त्यानंच चोळलं होतं.”