निळी चौकट

हातकणंगल्याच्या धोंडीरामांची नजर काचबिंदूनं जवळपास गेली होती. पांढऱ्या भिंतीतलं पांढरं दार त्यांना सापडायचं नाही. चाचपडताना दोनदा कपाळ आपटलं, तसं त्यांनी खोलीतून बाहेर येणंच सोडलं. सून निशानं रंग आणून फक्त दाराची चौकट गडद निळी केली. रंगाच्या वासावरून धोंडीरामांनी काय चाललंय ते विचारलं आणि ऐकताच भडकले. "मी आंधळा झालो, हे गावाला दाखवतीस व्हय?" "न्हाय, मामा. तुमचं तुमाला बाहेर येता यावं म्हणून." दुसऱ्या दिवशी सकाळी ते उठले, त्या निळ्या रेषांच्या रोखानं चालत गेले आणि कुणाचा हात न धरता बाहेरच्या सोप्यात येऊन बसले. निशानं चहा हातात दिला. कप खाली ठेवत त्यांनी विचारलं, "रंग उरलाय का?" "हाय की." "तुझ्या सासूच्या फोटोची चौकटबी रंगव. तोंड न्हाय दिसायचं. ती कुठं हाय, तेवढं तरी कळंल."